छत्तीसनंतरचा एक महिना

१९ डिसेंबर २०२०, शनिवार. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतली पहिली, ॲडलेडच्या दिवस-रात्र कसोटीचा तिसरा दिवस. आदल्या रात्री भारताकडे पहिल्या डावातली ५३ धावांची आघाडी होती आणि दुसऱ्या डावात १ बाद ९ झाल्या होत्या. सामना आपल्या बाजूला झुकलेला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्याच सत्रात सगळं संपलं. चार, नऊ, दोन, शून्य, चार, शून्य, आठ, चार, शून्य, चार, एक. या अकरा जणांच्या धावा. दोन आकडे कुणालाच गाठता आले नाहीत. हेझलवूडनं ८ धावांत ५ बळी घेतले, कमिन्सनं २१ धावांत ४. कमिन्सचा एक चेंडू शमीच्या हातावर आदळला, हाड मोडलं आणि डाव ९ बाद ३६ वर थांबला. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत गुंडाळलो गेलो होतो. तो नीचांकही मागे पडला.

पुढे अजून तीन कसोट्या होत्या. कर्णधार विराट कोहली पहिल्या बाळंतपणासाठी पत्नीजवळ असावं म्हणून घरी निघाला होता. ते आधीच ठरलेलं होतं. रोहित शर्मा विलगीकरणात होता. शमी गेलाच होता. परदेशी माजी खेळाडू जाहीरपणे ४–० चं भाकीत करत होते आणि आपल्याकडेही बहुतेकांना ते मनातून पटलेलं होतं. अशा वेळी संघ उपकर्णधार अजिंक्य रहाणेच्या हाती आला. त्या ३६ मध्ये त्याच्या स्वतःच्या धावा होत्या शून्य.

नुकत्याच पर्यवेक्षक, शाखाधिकारी किंवा टीम लीड झालेल्या मंडळींबरोबर मी प्रशिक्षणाची सत्रं घेते. नेतृत्वाबद्दल बोलताना मी अजिंक्य रहाणेचा हा एक महिना घेते, १९ डिसेंबर ते १९ जानेवारी. कारण त्यात भाषण नाही, घोषणा नाही, हातात आहेत ते फक्त निर्णय आणि वागणं. हे सगळं हजारो लोकांनी मैदानात आणि कोट्यवधींनी टीव्हीवर पाहिलेलं आहे, त्यामुळे मागाहून रंगवून सांगायला फारशी जागा उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: या महिन्यात रहाणेनं जे केलं, त्याच्या मुळाशी स्वतःचा हिशेब बाजूला ठेवण्याची सवय होती. माझी चूक, माझं शतक, माझी अब्रू, माझं नाव, हे खातं त्यानं निर्णयाच्या वेळी उघडलंच नाही. ते बंद असल्यामुळे समोरची परिस्थिती त्याला स्वच्छ दिसली.

दोन धावबाद

गोष्ट ३६ च्या दोन दिवस आधी सुरू होते. ॲडलेडच्या पहिल्या दिवशी कोहली आणि रहाणे यांची जोडी उत्तम जमली होती. कोहली ७४ वर खेळत होता, धावसंख्या ३ बाद १८८. नेथन लायनचा चेंडू रहाणेनं मिड-ऑफकडे ढकलला, धाव मागितली, दोन पावलं टाकली आणि मग नको म्हणाला. कोहली तोपर्यंत अर्ध्यावर आला होता. परत फिरायला जागाच नव्हती. कोहली धावबाद झाला आणि डाव २४४ मध्ये आटोपला. चूक रहाणेची होती आणि ती सगळ्या जगानं पाहिली होती.

त्यावर त्यानं काय केलं ते त्यानंच मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीआधी पत्रकारांना सांगितलं. दिवसाचा खेळ संपल्यावर तो कोहलीकडे गेला आणि माफी मागितली. कोहलीनंही ते मनाला लावून घेतलं नाही. प्रसंग तिथेच मिटला.

नवा अधिकारी सगळ्यात जास्त कुठे अडखळतो, तर इथे. चूक कबूल केली तर माणसं ऐकेनाशी होतील असं त्याला वाटतं. मग तो गोल गोल बोलतो, चेंडू वेगानं आला होता वगैरे. रहाणेनं त्याच संध्याकाळी विषय मिटवला, म्हणून दोन दिवसांनी संघ ताब्यात घेताना त्याच्या पाठीवर ते ओझं नव्हतं.

आता दुसरा धावबाद. मेलबर्न, २८ डिसेंबर, तिसऱ्या दिवसाची सकाळ. रहाणे ११२ वर, रवींद्र जडेजा ४९ वर. दोघांची १२१ धावांची भागी झालेली. जडेजाला अर्धशतकासाठी एक धाव हवी होती. त्यानं चेंडू कव्हरकडे ढकलला आणि धाव मागितली. रहाणे जीव तोडून पळाला, बॅट पुढे करून झेपावला, पण लाबुशेनची फेक यष्टिरक्षक पेनच्या हातात आली होती. कर्णधार धावबाद, तोही दुसऱ्याच्या अर्धशतकाच्या धावेसाठी. जडेजाचा चेहरा पडला.

हा तुकडा मी सत्रात दोनदा दाखवते. पहिल्यांदा सगळे फेक पाहतात. दुसऱ्यांदा मी सांगते, फक्त रहाणेचे पाय बघा. तो सरळ पॅव्हेलियनकडे वळत नाही. आधी जडेजाकडे जातो, त्याला थोपटतो, काहीतरी बोलतो आणि मग परततो. एका सत्रात मागच्या रांगेतल्या एका पर्यवेक्षिकेनं व्हिडिओ थांबवायला सांगितलं. म्हणाली, "मॅडम, बाद झाल्यावर पहिली तीन पावलं माणूस रागातच टाकतो. याची ती तीन पावलं दुसऱ्याकडे गेलीत." माझ्याकडे याहून नेमकं निरीक्षण नाही.

जडेजानं अर्धशतक पूर्ण केलं, ५७ केल्या. तो त्या चुकीखाली दबून गेला असता तर गोलंदाज म्हणूनही बिथरला असता, आणि संघाला त्याच्या डावखुऱ्या फिरकीची गरज होती.

ॲडलेडला चूक याची होती, मेलबर्नला दुसऱ्याची. दोन्ही वेळा त्यानं चुकीपेक्षा पुढच्या चेंडूला महत्त्व दिलं. चूक कुणाची हे बघून माणसाचं वागणं बदलत नाही, हे सहकाऱ्यांना एकदा दिसलं की ते आपल्या चुका लपवणं सोडतात.

कोहलीच्या जागी कोण?

थोडं मागे जाऊ. मेलबर्नची संघनिवड हा या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

३६ मध्ये सर्वबाद झालेला संघ आणि वर सर्वोत्तम फलंदाज घरी. अशा वेळी कुणीही काय करेल? एक फलंदाज वाढवेल. के. एल. राहुल राखीव खेळाडूंत होता. त्याला घेतलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. हरलो असतो तरी "प्रयत्न केला" म्हणता आलं असतं. संघानं कोहलीच्या जागी जडेजाला घेतलं, म्हणजे फलंदाज कमी करून पाचवा गोलंदाज वाढवला. शिवाय शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज यांना कसोटी पदार्पण दिलं, आणि साहाऐवजी पंतला आणलं. एका दमात चार बदल.

हा निर्णय एकट्या रहाणेचा नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. रवी शास्त्री मुख्य प्रशिक्षक होते, भरत अरुण गोलंदाजीचे आणि विक्रम राठोड फलंदाजीचे. विचार सगळ्यांनी मिळून केला. पण मैदानावर चुकला असता तर तो कर्णधाराच्या नावावर लागला असता, आणि रहाणेनं तो निर्णय मनापासून राबवला. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात. ३६ ची भीती मनात ठेवून संघ निवडला असता तर त्या संघाला हरणं टाळता आलं असतं, जिंकता आलं नसतं. स्वतःची अब्रू वाचवणं आणि काम पूर्ण करणं यांची गल्लत नव्या अधिकाऱ्याकडून अगदी नकळत होते. एखादा प्रकल्प फसला की पुढच्या प्रकल्पात तो दुप्पट तपासण्या, दुप्पट सह्या, दुप्पट बैठका लावतो. काम सुरक्षित होत नाही. तो स्वतः सुरक्षित होतो.

२६ डिसेंबरला ऑस्ट्रेलियानं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. रहाणेनं पहिल्या तासातच अश्विनच्या हाती चेंडू दिला. खेळपट्टीत दमटपणा होता, चेंडू उसळत होता. वेड झेलबाद झाला. जडेजा आणि गिल दोघंही त्या झेलाखाली धावले, टक्कर झाली, पण जडेजानं चेंडू सोडला नाही. मग स्टीव्ह स्मिथ शून्यावर लेग गलीत पुजाराच्या हाती. सिराजला मात्र उपाहारापर्यंत चेंडूच मिळाला नाही.

इथे थोडं थांबते. सिराजचे वडील हैदराबादला रिक्षा चालवायचे. मुलाला भारताकडून कसोटी खेळताना पाहणं हे त्यांचं स्वप्न. २० नोव्हेंबरला, संघ ऑस्ट्रेलियात विलगीकरणात असताना ते गेले. सिराजला परत जाण्याची मुभा होती. तो थांबला. महिन्याभरानं पदार्पण करणाऱ्या या पोराच्या हातात नवा चेंडू देऊन भावनेची गोष्ट रंगवता आली असती. रहाणेनं त्याला सकाळभर थांबवलं. परिस्थिती फिरकीला साथ देत होती, म्हणून अश्विन. उपाहारानंतर सिराज आला तेव्हा यजमानांचे तीन फलंदाज परतले होते, दडपण त्यांच्यावर होतं. ४८ वर खेळणारा लाबुशेन सिराजच्या चेंडूवर गिलच्या हाती गेला, नंतर ग्रीन. पदार्पणाच्या डावात दोन बळी, १९५ मध्ये ऑस्ट्रेलिया सर्वबाद. माणसाची काळजी घेणं म्हणजे त्याला लगेच पुढे करणं, असं आपण धरून चालतो. योग्य वेळेपर्यंत त्याला झाकून ठेवणं हीसुद्धा काळजीच.

भारतानं ३२६ केल्या. रहाणेच्या ११२ धावा २२३ चेंडूंत. दुसऱ्या डावात उमेश यादव पोटरीच्या दुखापतीनं बाहेर गेला, तरी यजमान २०० मध्ये आटोपले. ७० धावांचं लक्ष्य गिल आणि रहाणेनं नाबाद राहून गाठलं. आठ गडी राखून विजय. सामनावीराला त्या वर्षापासून मुलाघ पदक द्यायला सुरुवात झाली होती. १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी संघातल्या जॉनी मुलाघच्या नावाचं ते पदक पहिल्यांदा मिळालं अजिंक्य रहाणेला.

सिडनी: जाण्याची मुभा

सिडनीच्या तिसऱ्या कसोटीत प्रेक्षकांमधून बुमराह आणि सिराज यांच्यावर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली. १० जानेवारीला, चौथ्या दिवशी, सिराज सीमारेषेवरून चालत कर्णधाराकडे आला आणि सांगितलं. रहाणेनं ते तिथल्या तिथे पंचांपर्यंत नेलं. खेळ काही मिनिटं थांबला, स्टँडमधून काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. सिराजनं पुढे मायदेशी परतल्यावर सांगितलं, की पंचांनी सामना सोडून जाण्याचा पर्याय दिला होता आणि रहाणेनं तो नाकारला. आमची काही चूक नाही, मग आम्ही का जायचं, असा त्याचा सूर होता.

इथे दोन गोष्टी एकत्र घडल्या आणि त्या एकत्रच पाहायला हव्यात. तक्रार दडपली नाही. "जाऊ दे, खेळावर लक्ष दे" असं त्या पोराला सांगितलं नाही. आणि त्याच वेळी काम सोडलंही नाही. कचेरीत एखाद्या मुलीनं, एखाद्या कनिष्ठानं अपमानाची तक्रार आणली की वरिष्ठाला घाई असते ती विषय मिटवायची. दुसरीच कसोटी खेळणारा नवखा माणूस भर मैदानात, हजारो लोकांसमोर खेळ थांबवायला कर्णधाराकडे येऊ शकला. आपलं ऐकलं जाईल ही खात्री त्याला आधीच्या पंधरा दिवसांत मिळाली असणार. ऐन प्रसंगी असा विश्वास तयार होत नाही.

दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, ४०७ चं लक्ष्य समोर असताना भारत २ बाद ९८. रहाणे दुसऱ्याच षटकात ४ वर बाद झाला. कर्णधाराचं स्वतःचं योगदान संपलं. पुढच्या क्रमांकावर हनुमा विहारीऐवजी ऋषभ पंतला पाठवलं गेलं, कोपराला मार बसलेला, वेदनाशामक घेऊन खेळणारा. डाव्या-उजव्या जोडीनं लायनची दिशा बिघडली. पंतनं ११८ चेंडूंत ९७ केल्या, पुजारानं २०५ चेंडूंत ७७. ते दोघं गेल्यावर उरले ते मांडीचा स्नायू दुखावलेला विहारी आणि पाठ धरलेला अश्विन. जडेजाचा अंगठा मोडलेला असूनही तो पॅड बांधून बसला होता. विहारीनं १६१ चेंडूंत नाबाद २३ आणि अश्विननं १२८ चेंडूंत नाबाद ३९ करत दिवस काढला. सामना अनिर्णित.

या डावातला एक किस्सा अश्विननं नंतर सांगितला. शास्त्रींनी शार्दूल ठाकूरबरोबर आतून निरोप पाठवला. पालघरचा शार्दूल धावत आला आणि म्हणाला, आत मला बरंच काही सांगितलंय, पण मी तुम्हाला काहीच सांगणार नाही, तुम्ही छान खेळताय, असंच खेळत राहा. बाराव्या खेळाडूनं प्रशिक्षकाचा निरोप स्वतःच्या जबाबदारीवर गिळला! ज्या खोलीत भीती असते तिथे असं कुणी करत नाही. या मोकळेपणाचं श्रेय शास्त्रींनाही तेवढंच आहे.

गाबा

शेवटची कसोटी ब्रिस्बेनला. तिथल्या गाबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही कसोटी हरला नव्हता. भारताकडे तिथे कोण उरलं होतं? शमी, उमेश, राहुल, जडेजा, विहारी, अश्विन, बुमराह सगळे जायबंदी. गोलंदाजीत सिराज दोन कसोट्यांचा. सैनी एका कसोटीचा. शार्दूलनं २०१८ मध्ये एका कसोटीत दहा चेंडू टाकले होते आणि दुखापतीनं बाहेर गेला होता. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांचं पदार्पण. नटराजन तर या दौऱ्यावर सरावाला गोलंदाजी करायला आला होता. समोरच्या चार गोलंदाजांच्या नावावर मिळून हजाराच्या वर कसोटी बळी.

पहिल्याच दिवशी सैनीच्या चेंडूवर लाबुशेनचा झेल गलीत उडाला. तो ३७ वर होता. झेल रहाणेकडे आला आणि सुटला. त्याच चेंडूला सैनीच्या जांघेत चमक भरली आणि षटकाचा राहिलेला एक चेंडू रोहितला टाकावा लागला. लाबुशेननं १०८ केल्या. कर्णधाराची चूक, तीही सगळ्यात नाजूक वेळी. रहाणे पुन्हा गलीतच उभा राहिला. दिवसभर गोलंदाज बदलत राहिला, नटराजनला सल्ला देत राहिला. सैनी दुसऱ्या डावात दुखऱ्या पायानं पाच षटकं टाकायला पुढे आला. ज्याच्या चेंडूवरचा झेल कर्णधारानं सोडला, तोच.

पुढचं सगळ्यांना तोंडपाठ आहे. ६ बाद १८६ वरून सुंदर (६२) आणि शार्दूल (६७) यांची १२३ धावांची भागी, दुसऱ्या डावात सिराजचे ७३ धावांत ५ बळी, ३२८ चं लक्ष्य. मला त्या शेवटच्या दिवसातल्या २२ चेंडूंबद्दल बोलायचं आहे, ज्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

गिल ९१ करून बाद झाला तेव्हा रहाणे आला. पुजारा एका बाजूनं अंगावर चेंडू झेलत उभा होता. रहाणे २२ चेंडूंत २४ करून गेला. धावफलकावर ही किरकोळ खेळी. बक्षीस समारंभात त्यानं त्यामागचं बोलणं सांगितलं: पुजारानं नेहमीसारखं खेळायचं आणि मी फटके मारायचे, कारण मागे ऋषभ आणि मयांक आहेत. म्हणजे आपण ड्रॉसाठी नाही, जिंकण्यासाठी खेळतोय, हे त्यानं बॅटनं सांगितलं, आणि स्वतःची विकेट पणाला लावून सांगितलं. मग पहिल्या डावात पाचव्या क्रमांकावर खेळलेल्या मयांकच्या आधी पंतला पाठवलं. पंतनं नाबाद ८९ करून अठरा चेंडू शिल्लक असताना सामना संपवला. तीन गडी राखून. मालिका २–१.

रहाणेच्या त्या मालिकेतल्या धावा: ४२, ०, ११२, नाबाद २७, २२, ४, ३७, २४. एकूण २६८. एक शतक सोडलं तर कर्णधार म्हणून मिरवावं असं या ओळीत काही नाही. स्वतःच्या धावांकडे बघून तो निर्णय घेत असता तर सिडनीनंतर बचावात्मक झाला असता.

मागच्या रांगेतला माणूस

विजयानंतर ड्रेसिंग रूममध्ये रहाणे बोलला, त्याची चित्रफीत क्रिकेट मंडळानं प्रसिद्ध केली. त्यात त्यानं कुलदीप यादवचं नाव घेतलं. कुलदीप चार कसोट्यांपैकी एकही खेळला नव्हता. तुझ्यासाठी हे अवघड होतं हे मला कळतं, पण तुझी वृत्ती चांगली राहिली, तुझी वेळ येईल, अशा अर्थाचं तो बोलला. सरावाला गोलंदाजी करायला आलेल्या कार्तिक त्यागीचंही नाव घेतलं. जिंकणाऱ्यांची नावं कुणीही घेतं. आनंदाच्या भरात न खेळलेल्याकडे बघायला मनात जागा लागते.

करंडक नटराजनच्या हाती दिला. लायनची ती शंभरावी कसोटी होती, म्हणून भारतीय खेळाडूंच्या सह्यांचा टी-शर्ट त्याला भेट दिला. मुंबईत परतल्यावर माटुंग्याला घराशी ढोल-ताशांनी स्वागत झालं, लोकांनी केक आणला होता आणि त्यावर कांगारू बसवला होता. रहाणेनं तो कापला नाही. कांगारू त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, हरवलं तरी मान राखायचा, हे त्याचं कारण.

हे एका महिन्यात उगवलेलं नव्हतं, आणि माझ्या सत्रांतल्या लोकांना मी हेच पुन्हा पुन्हा दाखवते. मार्च २०१७ मध्ये धरमशाला कसोटीत कोहलीचा खांदा दुखावल्यानं रहाणे पहिल्यांदा कर्णधार झाला. तेव्हाही समोर ऑस्ट्रेलिया, तेव्हाही फलंदाज कमी करून गोलंदाज घेतला, कुलदीप यादव, पदार्पणात चार बळी. मेलबर्नच्या निवडीची ती रंगीत तालीमच म्हणा. जून २०१८ मध्ये बंगळुरूला अफगाणिस्तानची पहिली कसोटी होती. भारतानं डावानं जिंकली आणि रहाणेनं करंडकासह फोटोसाठी अफगाण संघाला बोलावून घेतलं. कांगारूच्या केकची मुळं तिथे दिसतात. आश्वी खुर्दला जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला, लोकलच्या गर्दीत किटबॅग सांभाळत मैदान गाठणारा हा मुलगा. लहान लहान प्रसंगी तेच ते वागत गेला, म्हणून मोठ्या प्रसंगी वेगळं काही करावं लागलं नाही.

म्हणून मी लोकांना वही ठेवायला सांगते. रोज रात्री एकच नोंद: आज कुणाची तरी चूक समोर आली, तेव्हा पहिल्या दहा सेकंदांत मी काय केलं? स्पष्टीकरण नको, फक्त कृती. आवाज चढला का, मान वळली का, कुणाचं नाव घेतलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणसं स्वतःच अस्वस्थ होतात, कारण स्वतःच्या चुकीच्या वेळचे दहा सेकंद आणि दुसऱ्याच्या चुकीच्या वेळचे दहा सेकंद वेगळे दिसायला लागतात. ही अस्वस्थता फार मोलाची आहे.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे: मग कोहली वाईट कर्णधार होता का? मुळीच नाही. २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात भारताची पहिली मालिका त्यानंच जिंकून दिली. वेगवान गोलंदाजांची ती फळी, तंदुरुस्तीचा आग्रह, परदेशात जिंकायचंच ही ईर्षा, हे त्यानं आणि शास्त्रींनी वर्षानुवर्षं पेरलं. गिल, सिराज, पंत, विहारी ही मुलं राहुल द्रविडच्या हाताखाली भारत 'अ' संघात घडली. रहाणेच्या हाती आलं ते इतरांनी मशागत केलेलं शेत होतं. त्या महिन्यात त्या शेताला ज्या हवामानाची गरज होती ते त्यानं दिलं. मोठ्यानं बोलणाऱ्यांनी गप्प व्हावं असा याचा अर्थ नाही. कोहली बोलून स्वतःचा हिशेब विसरतो, रहाणे गप्प राहून. ज्याला विसरताच येत नाही, त्याचं बोलणं आणि गप्प राहणं दोन्ही संघाला जड जातं.

आणि एक गोष्ट लपवून हे प्रकरण शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं. अशा वागण्यानं स्वतःची जागा सुरक्षित होत नाही. पुढच्याच मालिकेत कोहली परतला आणि रहाणे पुन्हा उपकर्णधार झाला, कुरकुर न करता. मग धावा आटल्या. २०२२ मध्ये संघातली जागा गेली. त्याच सुमारास एका मुलाखतीत तो म्हणाला, की तिथे घेतलेल्या काही निर्णयांचं श्रेय दुसऱ्यांनी घेतलं, पण आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. हे बोलताना त्याला दुखलं असणार. हिशेब बाजूला ठेवणाऱ्यालाही हिशेब असतोच. जून २०२३ मध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी त्याला परत बोलावलं, तेव्हा ओव्हलवर त्यानं ८९ आणि ४६ केल्या.

१४ मार्च २०२४, वानखेडे. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध विदर्भ. मुंबईचा कर्णधार रहाणे. त्या हंगामात त्याची बॅट जवळपास रुसलेलीच होती. अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या डावात मात्र त्यानं ७३ केल्या होत्या. विदर्भासमोर ५३८ चं लक्ष्य, आणि शेवटची जोडी मैदानात. बेचाळिसावं विजेतेपद एका चेंडूवर आलं होतं. धवल कुलकर्णीचा हा शेवटचा प्रथम श्रेणी सामना. रहाणेनं चेंडू धवलच्या हाती दिला. समोर उमेश यादव होता, मेलबर्नला पोटरी धरून मैदानाबाहेर गेलेला. धवलनं धाव घेतली, चेंडू टाकला आणि उमेशच्या यष्ट्या वाजल्या.